चासीवर वेगळी बॉडी बांधण्याची पद्धत कुठून आली?

प्रश्न (सांगली):
आमच्या वडिलांनी ट्रकचे हौदे बांधण्यात उमेदीची वर्षे घालवली. कारखान्यातून नुसती चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यायची आणि तिच्यावर लाकडी फळ्या, लोखंडी पट्ट्या व फाळका (मागची उघडझाप होणारी फळी) चढवला जाई. मोटारींच्या बाबतीतही अशी पद्धत होती का?

उत्तर १:
होती, आणि ती घोडागाडीइतकी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस प्रामुख्याने चासी व इंजिनच विकत असे. बॉडी ग्राहक स्वतंत्र कारागिराकडून बांधून घेई. पुढे चासी आणि बॉडी एकजीव असलेल्या गाड्या आल्या आणि ते कसब आटले.

उत्तर २:
सुटे भाग विकत घेऊन स्वतः जोडायच्या गाडीमागे मात्र कराचे गणित होते. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्‌स मोटार सुट्या भागांत घेतल्यास खरेदीकर लागत नसे. १९७३ मध्ये तिथे मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली. अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी १९६४ च्या सुमारास फायबरग्लासची मेयर्स मँक्स ही वाळूवर चालवायची उघडी गाडी घडवली. पुढे तिची बॉडी फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीच्या आखूड केलेल्या चासीवर बसवली जाऊ लागली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना तीच.

उत्तर ३ (सातारा):
हौस म्हणून गाडीत काही बदल करणार असाल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ आधी वाचावे. नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल त्यानुसार करता येत नाही. वडिलांची हातोडी मात्र जपून ठेवा.