मदत हवी आहे: बंद खोलीत गोळी सुटल्यावर कुजबुज ऐकू येते का?

ठाण्यात एकांकिका बसवतोय, प्रयोग काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये. प्रसंग असा: चाळीतली १० बाय १२ ची खोली, दार-खिडक्या बंद, .३२ रिव्हॉल्वरमधून एकच गोळी सुटते आणि लगेच दोघं भाऊ कुजबुजत बोलतात.

लेखकाने आधी सायलेन्सर लिहिला होता, तो मीच काढायला लावला. सिनेमातला तो 'फुस्स' आवाज खोटा असतो. उघडी गोळी १५०-१६० डेसिबलच्या घरात, सायलेन्सरने त्यातले साधारण २०-३० कमी होतात. शिवाय रिव्हॉल्वरच्या चक्री आणि नळीमधल्या फटीतूनही आवाज निसटतोच. (रिकामं काडतूस उडून टणकन पडतं, तेही कापलं, रिव्हॉल्वरमध्ये ते आतच राहतं.)

नेटवरचे रेडिमेड आवाज लावून पाहिले. सगळे घुमणारे, डोंगरात तोफ डागल्यासारखे. विंगेत फळीवर फळी आपटली, तो कोरडा 'फाट्' जास्त खरा वाटला, पण खात्री कोण देणार? खरं शस्त्र, ब्लँक (गोळीविना नुसत्या दारूचं काडतूस), फटाका यातलं काही वापरणार नाही. बंदूक लाकडी आहे. नेमबाजीच्या रेंजवर जायला सुचवू नका. तिथे कानाला आवाज अडवणारे मफ असतात आणि जागा मोकळी.

सैन्यात, पोलिसात असलेल्यांनी किंवा कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगावं: कानाला काही न लावता एवढ्याशा खोलीत बार झाला, तर कानातली शिट्टी किती वेळ टिकते? तेवढ्यात समोरच्याची कुजबुज कळेल, की ओरडावंच लागेल? आणि बंद दारापलीकडच्या शेजाऱ्याला तो बार वाटेल की फटाका?