कोठ्याच्या माळ्यावर सापडलेल्या तीन वस्तूंची ओळख पटवून हवी आहे

कोठ्याचा_वारस :
हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावी जनावरांचा जुना कोठा उतरवताना माळ्यावर एका पेटीत तीन प्रकारच्या वस्तू मिळाल्या. छायाचित्रे जोडली आहेत. पहिली वस्तू लाकडी आहे. जाड फळीवर दोन खुंट उभे केलेले असून त्यांच्यामध्ये एकावर एक असे दोन बारीक रूळ बसवले आहेत, आणि रुळांच्या एका टोकाला मळसूत्रासारखे तिरपे आटे कोरलेले आहेत. दुसरी वस्तू म्हणजे भोके असलेले, स्वल्पविरामाच्या आकाराचे लोखंडी पत्र्याचे सात तुकडे. तिसरा एक गोल लोखंडी ठोकळा आहे, ज्यावरची अक्षरे गंजामुळे वाचता येत नाहीत. वडील पहिल्या वस्तूला उसाचा चरक म्हणतात, पण आमच्या शेतात ऊस कधीच नव्हता.

बंडीवाला :
पहिली वस्तू शेवयांचा साचा असावी असे मला वाटते. लोखंडी तुकड्यांबद्दल मात्र शंका नाही, त्या बैलांच्या पत्र्या आहेत. घोड्याचा खूर अखंड असतो म्हणून त्याला एकच नाल चालते, परंतु बैलाचा खूर दुभंगलेला असल्यामुळे प्रत्येक पायाला दोन, म्हणजे एका बैलाला आठ तुकडे लागतात. नांगराच्या बैलाला सहसा त्यांची गरज पडत नसे. खडीच्या रस्त्याने कापसाची बंडी बाजाराला नेणाऱ्या बैलाला नालबंदाकडून पत्री मारून घ्यावी लागे.

जुना_सुतार :
बंडीवाले भाऊ, पत्रीबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, शेवयांबद्दल नाही. शेवयांच्या साच्याला भोकांची चाळणी लागते, आणि चरकाला रस झेलण्यासाठी पन्हळ लागते. छायाचित्रात दोन्ही नाहीत. शिवाय एवढे बारीक रूळ उसाच्या एका कांडीनेही मोडतील. केवळ आकार पाहून नाव ठेवले की अशी गफलत होते. त्यापेक्षा वस्तू चालत कशी असेल आणि कुठे झिजली आहे, हे आधी पाहावे.

माझ्या मते हा कापसातील सरकी काढण्याचा हातरेचा आहे. टोकाचे आटे एकमेकांत अडकत असल्यामुळे एक रूळ फिरवला की दुसरा आपोआप उलट दिशेने फिरतो, आणि दोहोंमधील फट सरकीपेक्षा लहान असल्यामुळे रुई तेवढी ओढली जाऊन पलीकडे पडते व सरकी अलीकडेच गळते. फट कमी-जास्त करण्यासाठी खुंटांत लाकडी पाचरी असतात. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात डाव्या खुंटाजवळ जी चकती वाटते, ती बहुधा पाचरच आहे. हिंगणघाटचा कापूस एके काळी त्याच गावाच्या नावाने परदेशी बाजारात ओळखला जाई, तेव्हा वाफेवरचे जिन येण्यापूर्वी त्या भागात असे रेचे असणे स्वाभाविक आहे.

खात्री करायची असल्यास वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जाऊन यावे. महात्मा गांधींच्या हस्ते 1938 साली उद्घाटन झालेल्या या संग्रहालयात खादी आणि ग्रामोद्योगांची साधने आहेत, त्यामुळे तेथील जाणकारांना आपली छायाचित्रे दाखवता येतील.

एक विनंती. पुढची छायाचित्रे तिरप्या उजेडात घ्यावीत आणि शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असल्याने बाकीची मापे काढता येतात. ठोकळा तारेच्या ब्रशने मुळीच घासू नये, कारण गंजाबरोबर अक्षरेही जातील. त्याचे वजन मात्र ग्रॅममध्ये कळवावे.

कोठ्याचा_वारस :
किराणा दुकानातील काट्यावर ठोकळा 461 ग्रॅम भरला. रुळांची जाडी नाण्याच्या व्यासाहून थोडी कमी आहे.

जुना_सुतार :
मग ते अच्छेराचे वजन आहे. शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा. त्याचा अर्धा सुमारे 466 ग्रॅम होतो. पाच ग्रॅम गंज आणि हाताळणी यांनी खाल्ले असावेत. आपल्याकडे दशमान वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 1962 पासून जुनी वजने व्यापारातून बाद झाली, म्हणजे हा ठोकळा त्यापूर्वीचा आहे.

बंडीवाला :
रेच्याबद्दल माझी चूक मान्य आहे. पत्र्यांविषयी एक सुचवतो : सातही तुकडे उलटे करून पाहा. सगळ्यांची जमिनीकडची बाजू गुळगुळीत झिजलेली असेल तर त्या काढून ठेवलेल्या पत्र्या आहेत, आणि काही कोऱ्या असतील तर घरी शिल्लक साठा होता.

कोठ्याचा_वारस :
पाच झिजलेल्या आहेत, दोन कोऱ्या. रेच्याचा मूठदांडा मोडलेला होता. गावातल्या सुताराने बाभळीचा नवा बसवून दिला. काल मूठभर कापूस घालून पाहिला. रुई पलीकडे गेली, सरकी माझ्या मांडीवर पडली. वडील बराच वेळ पाहत उभे होते, मग म्हणाले की आपली आजी वातींसाठी कापूस याच्यातूनच काढत असे, आणि चरक हे नाव त्यांनी मुलांनी बोटे घालू नयेत म्हणून ठेवले होते.