मुलीची ग्राफिक नॉव्हेल्स आता मीच वाचत बसलो आहे

कोथरूडकर_बाबा:
माझी नऊ वर्षांची मुलगी गेले दोन महिने जेफ स्मिथ यांच्या ‘बोन’ या नऊ भागांच्या ग्राफिक नॉव्हेलने झपाटलेली आहे. तिच्या हातात नेमके काय आहे ते पाहावे, एवढ्याच हेतूने मी एका रात्री पहिला भाग उघडला आणि साडेबारा वाजता दुसरा शोधू लागलो. आता नवा भाग आणला की तो आधी कोणी वाचायचा यावरून आमच्यात तंटा होतो. शंका अशी, की मला तीन रात्री पुरणारा भाग ती एका संध्याकाळी संपवते. ती खरोखर वाचते, की नुसती चित्रे चाळते? हे तिला विचारावे का?

चित्रकथी:
मी पुस्तकांसाठी चित्रे काढतो, त्यामुळे माझे मत थोडे एकतर्फी असेल. पण अपुरे कोणी वाचत असेल तर ते आपणच, असे मला वाटते. आपली नजर आधी फुग्यातल्या मजकुरावर जाते आणि चित्राला आपण शोभेची वस्तू समजतो. पहिल्या भागातला हिवाळा आठवून पाहा. इथे थंडी झपाट्याने येते, असे कथेचा नायक फोन बोन याला सांगितले जाते आणि लगेच आभाळातला सगळा बर्फ एका दमात खाली कोसळतो. तो विनोद संवादात नाही, एकट्या चित्रातही नाही. तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत आहे, आणि मुले तिथे बरोबर थबकतात. शिवाय ही मालिका १९९१ ते २००४ या काळात ५५ अंकांमधून कृष्णधवल निघाली आणि रंगीत आवृत्ती २००५पासून येऊ लागली, म्हणजे मुळात सारा भार रेषेवरच होता. मोजक्या रेषांची गुळगुळीत बोन मंडळी आणि त्यांच्याभोवतीचे दाट, बारकाईने रेखाटलेले रान शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पैलतीर:
विचारा, पण परीक्षा घेऊ नका. प्रश्नोत्तरे सुरू झाली की पुस्तकाला शाळेचा वास येतो. माझी मुलगी (आम्ही न्यू जर्सीत असतो) प्रत्येक पुस्तक आधी गोष्टीसाठी धावत वाचते आणि मग चार-पाच वेळा निवांत. दातांना तारा बसवण्याच्या आदल्या आठवड्यात तिने रैना टेल्गेमायर यांचे ‘स्माइल’ माझ्या उशाशी आणून ठेवले. सहावीत असताना पडून लेखिकेच्या पुढच्या दोन दातांना इजा झाली आणि त्यानंतर काही वर्षे दंतवैद्यांकडे खेटे घालावे लागले, त्याची ती आत्मकथा आहे. ‘तू वाच, मग बोलू,’ एवढेच म्हणून ती निघून गेली. मी ते रात्रीतून वाचले. एरवी तिला कसली भीती वाटते आहे, हे तिच्या तोंडून मला कळले नसते.

कोथरूडकर_बाबा:
दोघांचेही आभार. काल बर्फाचे पान आम्ही एकत्र पाहिले. ‘बाबा, तू ते फारच पटकन उलटलंस,’ असा शेरा मिळाला. माझा उपयोग एकाच ठिकाणी झाला. फोन बोन ‘मोबी डिक’ वाचून दाखवू लागला की ऐकणारे झोपी जातात. तिला त्याचे हसू येत होतेच, पण ते खरोखरचे, देवमाशावरचे जाडजूड पुस्तक आहे हे तिला ठाऊक नव्हते. ते सांगताच तिने विचारले, ‘मग तू वाचलंयस का ते?’ कॉलेजात अर्ध्यावर सोडल्याचे मला कबूल करावे लागले. चौथा भाग सध्या तिच्या दप्तरात आहे.