मदत हवी आहे : मुलाचे इंग्रजी स्वर सुधारायचेत, लवकर!

राजेंद्रनगरकर:
पुढच्या आठवड्यात मुलाचा व्हॉइस राउंड (नोकरीच्या मुलाखतीतली बोलण्याची फेरी) आहे. मागच्या ठिकाणी उच्चारांवरून परत पाठवलं. व्याकरण पक्कं आहे, फक्त स्वर चुकतात. काय करावं? 'इंग्रजी सिनेमे बघा' सांगू नका, ते करून झालंय.

गोदाकाठ:
कोणते स्वर? वय? राहता कुठे?

चष्मेवाला:
रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकवा. आपोआप बसतं. मी तसाच शिकलो.

राजेंद्रनगरकर:
इंदूर. वय २३. 'बॅड'चं 'बेड' होतं, 'मॅन' आणि 'मेन' एकच. 'कॉट'चं 'कोट'.

बडोदेकर मावशी:
मराठी घरात असं? आमच्याकडे 'स्नॅक्स'चं 'स्नेक्स' ऐकू येतं, पण ते गुजराती शेजाऱ्यांकडून. 'ॲ' तर आपल्याला येतोच की! घरी मराठी बोलता ना?

राजेंद्रनगरकर:
आम्ही बोलतो, तो उत्तर हिंदीत देतो.

ध्वनिवेडा:
मग तिथेच आहे सगळं. माळव्याच्या हिंदीत 'पैसा'चा 'पेसा' होतो, 'और'चं 'ओर'. इंदूरच्या सराफा बाजारात उभं राहून ऐका. तीच सवय इंग्रजीत जाते आणि 'ॲ' सरळ 'ए'मध्ये जमा होतो. उच्चारांचे अभ्यासक जेम्स फ्लेग यांनी १९९५ साली मांडलं तेच हे : अगदी नवखा ध्वनी एकवेळ येतो, आपल्या ध्वनीसारखा वाटणारा जास्त छळतो. आधी कान तयार करा. वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात 'बॅड-बेड' ऐकवा, कोणता ते ओळखू दे, बरोबर की चूक लगेच सांगा. मग आरशासमोर : 'ॲ'ला जबडा चांगला खाली यायला हवा.

चष्मेवाला:
ऐकाच तर म्हणत होतो मी!

ध्वनिवेडा:
काका, बातम्यांत संदर्भावरून अर्थ लागतो. स्वराकडे लक्षच जात नाही.

ग्वाल्हेरची लेक:
'शिप-शीप'ही तपासा. आपण नुसती लांबी बदलतो, इंग्रजीत जिभेची जागाही बदलते. 'बीट'मधला दीर्घ स्वर तर पुढच्या 'ट'मुळे बराच आखडतो.

नोकरीवाला:
रेझ्युमे एका पानाचा ठेवा. फोटो लावू नका.

गोदाकाठ:
ब्रिटिश की अमेरिकन? अमेरिकन असेल तर 'कॉट' जवळपास 'काट'सारखा. 'ऑ' घोटून काय उपयोग?

राजेंद्रनगरकर:
ग्राहक अमेरिकन आहेत. ताई आणि मामाकडून आजच 'बॅड-बेड' रेकॉर्ड करून घेते.

ध्वनिवेडा:
घरचे आवाज नकोत, त्यांनाही इंदूरचीच सवय असणार. ऑनलाइन शब्दकोशांतले अमेरिकन उच्चार घ्या, दोन-तीन वेगळ्या कोशांतले.