लॉकहार्ट: बार्बेक्यूपलीकडचा बाजार
अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या लॉकहार्ट या गावाचा धंदा म्हणजे फक्त बार्बेक्यू, असा अनेकांचा समज असतो. त्यात थोडी भर घालतो. हे कॉल्डवेल काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मुख्य ठिकाण आहे. 1894 च्या कोर्टहाउसभोवतीच्या चौकाला कामाच्या दिवशी वकील आणि जमिनीचे व्यवहार करणारे यांचा आधार असतो, कारण खरेदीखतं काउंटी क्लार्ककडेच, म्हणजे काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडेच, नोंदवली जातात. शनिवार-रविवारी गिऱ्हाईक बदलतं. तेव्हा ऑस्टिनहून खवय्ये येतात. म्हणून सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाच उघडं राहणारं दुकान इथे निम्मं गिऱ्हाईक गमावतं.

एकट्याच्या मालकीचं दुकान स्वतःच्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने काढायचं असेल तर काउंटी क्लार्ककडे नावाची नोंद करावी लागते. ती जास्तीत जास्त दहा वर्षं चालते. लोक इथेच फसतात: या नोंदीमुळे नावावर हक्क मिळत नाही.

विक्रीकराचा परवाना राज्याच्या कंट्रोलरकडून (कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याकडून) मोफत मिळतो. राज्याचा कर 6.25 टक्के, स्थानिक कर जास्तीत जास्त 2 टक्के. कच्च्या मांसावर कर नाही, पण तेच शिजवून गरम विकलं की लागतो. गल्ल्यावर दोन्ही वेगळे नोंदवा, नाहीतर तपासणीत फरक खिशातून भरावा लागेल.