अ‍ॅड्रिनल 'दमते' का?

सततच्या ताणाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडावर असते ती) दमते, म्हणून लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे या ग्रंथीतून येणारं संप्रेरक, तपासून सप्लिमेंट सुरू करा, असं एका ताईंनी सुचवलंय. थकवा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हे निदान खरं नाही. २०१६ साली ब्राझीलच्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास चाळले, 'अ‍ॅड्रिनल फटीग'ला, म्हणजे ग्रंथी अशी दमते याला, पुरावा मिळाला नाही.

ही ग्रंथी खरोखर निकामी होते ती अ‍ॅडिसनच्या आजारात, आणि आपल्याकडे त्यामागे क्षयरोगही असू शकतो. वजन उतरतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, सारखं खारट खावंसं वाटतं, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात. असं काही दिसलं तर सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल बघतात. सांधेदुखीसाठी बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड कुणी एकदम बंद केलं (बरं वाटलं की आपण करतोच!) तरी शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल कमी पडतं. ते प्रसंगी जिवावर बेतू शकतं.

माझं म्हणाल तर दोन वर्षं "ताण आहे हो" म्हणत काढली. शेवटी निघालं काय, तर हिमोग्लोबिन कमी आणि बी-१२ तळाला. गोळ्यांआधी तेवढं आणि थायरॉइड तरी बघून घ्या. रात्री घोरता का, हेही घरच्यांना विचारा; झोपेत श्वास अडखळत असेल तरी दिवसा थकवा येतो.