मदत हवी आहे : साथीच्या काळात परिचारिकांना आधार देणारी व्यवस्था कशी उभारावी?

नमस्कार. मिरजेतील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात मी मेट्रन म्हणून काम पाहते. पुन्हा एखादी साथ आली तर परिचारिकांचे मनोबल कसे टिकवायचे, याचा लेखी आराखडा व्यवस्थापनाने मागितला आहे. वरिष्ठांच्या मनात एखाद्या वक्त्याचे व्याख्यान आणि योगवर्ग आहेत. योगाला माझा विरोध नाही. परंतु रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सकाळी सतरंजीवर बसवून खंबीर राहायला सांगणे मला पटत नाही.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोविडचे रुग्ण सापडले, तेव्हापासून आमच्या भागाने काय सोसले हे येथील अनेकांना ठाऊक आहे. आमच्या बऱ्याच परिचारिका जत, कवठेमहांकाळकडच्या, तर काही कर्नाटकातील अथणीकडच्या आहेत. एसटी बंद, राज्याच्या सीमेवर अडवणूक, त्यात घरमालकांनी खोली रिकामी करायला सांगितलेले. आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा स्वतःच्या घरात पाणी शिरलेले असतानाही काहीजणी ड्यूटीवर होत्या. पीपीई किट घातल्यावर पाणी पिता येत नसे. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या कानाशी मोबाइल धरून नातेवाइकांचे शेवटचे शब्द ऐकवण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला आले. तरीही आज विचारले, तर त्या मृत्यूंपेक्षा रजा, जेवण, राहण्याची सोय आणि घरी लेकराला कोण सांभाळणार, याविषयीच अधिक बोलतात.

म्हणून कोविड वॉर्डातील पाळ्या ठराविक दिवसांनी बदलणे, राहण्या-जेवणाची सोय आधीच ठरवून ठेवणे आणि प्रत्येक पाळीत एक अनुभवी 'सोबतीण' नेमणे, असा आराखडा मी मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची (कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची) गणना आजारात न करता कामाशी निगडित स्थितीत केली, हा मुद्दाही त्यात घातला आहे. माझी अडचण सोबतिणीपाशी येऊन थांबते. तिच्याजवळ मोकळे केलेले मन वार्षिक मूल्यमापनात उमटणार नाही, याची खात्री मुलींना कशी द्यावी? दुसरे असे की अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी; पण निम्मा स्टाफच आजारी पडला, तर जास्तीचे हात कोठून आणायचे? ज्यांनी प्रत्यक्ष अशी व्यवस्था चालवली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (सातारा) :

ताई, सोबतीण ड्यूटी लावणारी नसावी, शक्यतो दुसऱ्या विभागातील असावी आणि तिने नोंदवही ठेवूच नये. जिवाला धोका वाटला तरच पुढे कळवायचे, हा एकमेव अपवाद सर्वांना आधीच सांगून ठेवावा. एखाद्या मृत्यूनंतर सगळ्यांना गोळा करून अनुभव सांगायला भाग पाडू नका. अशा एकदाच्या सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. ज्यांना रुग्णालयातील कोणाशीच बोलायचे नाही, त्यांच्यासाठी 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चेंजिंग रूममध्ये लावावा, मेट्रनच्या केबिनबाहेर नव्हे.

जास्तीच्या हातांचे म्हणाल, तर साथ नसतानाच जनरल वॉर्डातील परिचारिकांना आळीपाळीने अतिदक्षता विभागात पाठवून ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरची सवय करून द्यावी. ऐनवेळी अनोळखी यंत्रासमोर एकटे उभे राहण्याची धास्ती त्यामुळे बरीच कमी होते. व्यवस्थापन खर्चाचे कारण पुढे करील; तेव्हा प्रशिक्षित परिचारिका सोडून गेल्यास नवी तयार करायला किती महिने लागतात, ते कागदावर मांडून दाखवा.